स्की शिकायचं की बर्फात चार दिवस मजा करायची? (मुंबईहून निघणाऱ्यांसाठी)

हिमरेषा
१७ नोव्हेंबर, रात्री ९.४०

दिवाळीचा फराळ संपत आला की बर्फाचे बेत सुरू होतात आणि दर वर्षी तोच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, गुलमर्गला जातोच आहोत तर एक दिवस स्की करून येऊ, पॅकेजमध्येच आहे. दुसरी म्हणते, रीतसर कोर्स केल्याशिवाय स्कीला हात लावू नका. घरातही एकमत नसतं. नवऱ्याला शिकायचं असतं, बायकोला गोंडोलातून, म्हणजे केबल कारमधून, अफरवटचं शिखर बघायचं असतं, मुलीला स्नोबोर्डच हवा असतो आणि सासूबाईंना थंडी सोसत नाही. मग सगळ्यांची मिळून एक सहल ठरते आणि ती कुणाच्याच मनासारखी होत नाही.

माझं मत आधी मांडते, पटलं नाही तर खोडा. सलग पाच सकाळी देता येणार असतील तरच शिकायला जावं. पहिली सकाळ बूट चढवण्यात, एकाच पायात स्की घालून सपाटीवर सरकण्यात आणि पडून उठण्यात जाते. दुसऱ्या दिवशी स्नोप्लाऊ, म्हणजे स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करणं आणि थांबणं. तिसऱ्या दिवशी वळणं. चौथ्या दिवशी मांड्या भरून येतात, काल जमलेलं आज जमत नाही, आणि बरेच जण नेमके इथेच सोडून देतात. पाचव्या दिवशी लिफ्टने वर जाऊन, वळणाला वळण जोडत सौम्य उतारावरून न थांबता खाली येता येतं. स्कीतला आनंद इथून पुढे आहे. एका दिवसाचा पाहुणा फक्त पहिली सकाळ बघतो आणि "हे आपलं काम नव्हे" म्हणत परत येतो.

हाताशी एकच दिवस असेल तर स्की भाड्याने घेऊच नयेत असं मला वाटतं. गोंडोला, स्लेज, बर्फात चालणं यात तो दिवस छान जातो.

पारलेकर
१७ नोव्हेंबर, रात्री १०.२५

पाच सकाळींचं गणित पटलं, शेवटचं नाही पटलं. एका सकाळीत स्की येत नाही हे खरं. पण बुटात पाय बसतो का, वेगाची भीती किती वाटते, मुळात हे आवडतंय का, एवढं तरी कळतं. पाच दिवसांचा खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

मात्र तो एक दिवस नीट घ्या. सकाळी लवकर उतारावर पोचा. दुपारी सूर्य चढला की बर्फ ओला आणि जड होतो, स्की त्यात रुततात आणि नवख्याचे गुडघे पिळवटतात. इन्स्ट्रक्टर फक्त आपल्यासाठी दोन तास घ्या, चौघांत मिळून पूर्ण दिवस नको. भाव ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या: बूट-स्की-पोल (हातातल्या काठ्या) धरून की वेगळे, किती तास, इन्स्ट्रक्टर किती जणांमागे एक, आणि स्की उचलून नेणारा माणूस त्यात धरलाय की त्याचे पैसे वेगळे. "फुल डे" या शब्दावर विसंबू नका, तास विचारा.

आणि मनालीजवळच्या सोलंगला डिसेंबरात बर्फाचा थर पातळ असेल तर स्की खालच्या दगडांवर घासतात आणि अचानक अडतात. अशा वेळी पैसे वाचवा आणि अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला फिरून या.

भटकी_डोंबिवली
१८ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

ज्यांना मनापासून शिकायचंय त्यांच्यासाठी कोर्सचे पर्याय, कारण टूर कंपन्या हे सांगत नाहीत.

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी माउंटेनिअरिंग संस्थेचे स्की कोर्स सोलंगच्या उतारांवर होतात. पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूटही हिवाळ्यात स्की कोर्स घेते. औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात. जोशीमठ–औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद केला गेला, त्यामुळे रस्त्याने वर जायचं धरून चाला. उताराच्या बाजूची चेअरलिफ्ट वेगळी आहे, दोन्हींत गल्लत नको.

या कोर्सना सहल समजू नका. सकाळी व्यायाम, दिवसातून दोन वेळा उतारावर, सामायिक खोली, ठरावीक जेवण. लिफ्ट बंद असेल किंवा सुरुवातीचे दिवस असतील तर स्की आडव्या ठेवून पायऱ्या चढल्यासारखं वर जायचं, शंभर मीटर चढायचं आणि वीस सेकंदांत खाली यायचं. पुष्कळांना हे जाचक वाटतं. पण त्या चढण्यातच स्कीची कड बर्फात कशी रोवायची हे पायाला कळतं, आणि पुढे उतारावर आडवं उभं राहायला तेच लागतं. मेडिकल सर्टिफिकेट मागतात, ते आधी काढून ठेवा. जागा लवकर भरतात.

हिमरेषा
१८ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

१४ दिवसांची रजा मुंबईच्या खाजगी नोकरीत सहसा मिळत नाही, म्हणून मी पाच सकाळींचा मधला मार्ग सुचवला. २६ जानेवारीला जोडून रजा टाकली तर शनिवार-रविवार धरून हे बसतं. अर्थात २६ जानेवारी शुक्रवारी किंवा सोमवारी आली तर.

चौथं_बक्कल
१८ नोव्हेंबर, दुपारी १.३०

स्की आवडली नाही असं सांगणाऱ्यांशी जरा खोलात बोललं की दहातल्या आठ जणांना खरं तर बूट आवडलेले नसतात. म्हणून बुटांवर सविस्तर लिहितो.

माप सेंटिमीटरमध्ये असतं, ६-७-८ नंबरात नाही. कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. २६.४ सेंमी आलं तर २६.५ चा बूट. २६ आणि २६.५ चं बाहेरचं प्लास्टिकचं कवच बहुतेक कंपन्यांत एकच असतं, त्यामुळे दुकानदार "अर्धा नंबर मोठा देतो" म्हणाला तर आतल्या अस्तरापलीकडे फारसं काही बदललेलं नसतं.

खात्री करायची तर आतलं अस्तर बाहेर काढून रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे बोटं घालून बघा. दीड ते दोन सेंमी जागा नवख्याला योग्य. तीन सेंमी म्हणजे बूट मोठा आहे.

घालताना सगळी बक्कलं उघडायची, जीभ पुढे ओढायची, पाय सरळ खाली सोडायचा. मग टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटायची म्हणजे पाऊल मागे बसतं. गुडघा पुढे ढकलून आधी घोट्याजवळची वरची बक्कलं लावायची, मग नडगीवरचा पट्टा, आणि पावलावरची दोन शेवटी, अगदी हलकी. बहुतेक जण उलटं करतात. पावलावरची बक्कलं करकचून आवळली की रक्त पोचत नाही आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. मग "थंडी फार आहे" म्हणून दुसरा मोजा चढवतात, त्याने आणखी दाब येतो आणि पाय आणखी गार पडतो. मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको, घाम धरून ठेवतो. थर्मलची कड बुटात गेली तर संध्याकाळपर्यंत नडगीवर वळ उठतो. ती बुटाच्या वर दुमडून ठेवा.

सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी जिभेवर दाबली की टाच मागे जाते आणि बोटं सुटतात. इथेच गफलत होते: माणूस दुकानात ताठ उभा राहतो, बोटं टेकतात, तो "छोटा आहे" म्हणतो, दुकानदार एक नंबर मोठा देतो. मोठ्या बुटात टाच उचलली जाते. टाच उचलली गेली की पाय वळवला तरी स्की वळत नाही आणि दोष स्वतःच्या अंगाला दिला जातो.

कावेरी_कांदिवली
१८ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

माझं पाऊल आखूड पण रुंद आहे, चवड्याला पसरट. नेहमीच्या बुटांतही एक नंबर मोठा घ्यावा लागतो. इथेही तसंच करू का?

चौथं_बक्कल
१८ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

नको ताई. लांबी वाढवून रुंदी मिळवायला गेलात तर टाच सैल होईल. स्की बुटांना चवड्याची रुंदी वेगळी असते, साधारण ९८ ते १०४ मिलिमीटर. भाड्याच्या दुकानात "वाइड" मागा, १०२ च्या पुढचा. आणि फ्लेक्स, म्हणजे बुटाचा ताठपणा, ६० ते ८० च्या आसपासचा घ्या. तो आकडा बुटाच्या बाजूला छापलेला असतो. ११० वगैरे दिसला तर परत द्या. इतका ताठ बूट हलक्या वजनाच्या नवख्याला पुढे वाकवताच येत नाही.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा खटका. पडल्यावर बूट स्कीपासून सुटायला हवा, आणि तो किती जोराने सुटेल ते बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीतल्या आकड्यावर ठरतं. तो आकडा लावायला पाच गोष्टी लागतात: वजन, उंची, वय, स्कीचा सराव आणि बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये. ही लांबी बुटाच्या टाचेजवळ बाजूला कोरलेली असते. वय ५० च्या पुढे असेल तर तक्त्यात एक पायरी खाली यायचं. दुकानदाराने काहीच न विचारता स्क्रू फिरवला तर आपणच सांगा आणि आकडा चारही ठिकाणी बघून घ्या, दोन पुढे, दोन मागे. "स्की सारखी निघते, घट्ट करून द्या" असं कधीच सांगू नका. स्की निघते त्याचं कारण बऱ्याचदा तळव्याला चिकटलेला बर्फ असतो. पोलने खरवडून काढा, मग आधी चवडा पुढच्या भागात सरकवा, नंतर टाच दाबा. टक् असा एकच स्वच्छ आवाज आला पाहिजे.

अजून एक. ग्रिपवॉक लिहिलेला उंचवट्याचा रबरी तळवा जुन्या सपाट बाइंडिंगला चालत नाही. वरून बसल्यासारखा वाटतो, पण नीट सुटत नाही.

पारलेकर
१८ नोव्हेंबर, रात्री ८.५०

बक्कलसाहेबांनी नडगीचा विषय काढलाच आहे तर पुढचं लिहितो. आपल्याकडे ट्रेक करणाऱ्यांची एक खास अडचण होते. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे रेलतो, टाच रोवतो, वेळ पडली तर बूड टेकतो. तिथे ते बरोबर असतं. स्कीवर मागे रेललं की वजन स्कीच्या शेपटीवर जातं, पुढच्या टोकांवर दाब राहत नाही, आणि ज्या टोकांनी वळायचं तीच हलकी होऊन भरकटतात. वेग वाढतो, भीती वाढते, माणूस अजून मागे जातो. नवख्यांच्या मांड्या तासाभरात पेटतात त्याचंही कारण हेच, अख्खं शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर तोललेलं असतं.

दुरुस्ती साधी आहे, पण अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात. नडगी दोन्ही बुटांच्या जिभेला सतत टेकलेली हवी. हात समोर, कमरेच्या जरा वर, दोन्ही हातमोजे नजरेच्या कोपऱ्यात दिसले पाहिजेत. हात मागे गेले की खांदे मागे जातात. नजर दहा-पंधरा मीटर पुढे. स्कीच्या टोकांकडे बघत राहिलं की मान आणि कंबर वाकते, गुडघे सरळ होतात, आणि तोल परत टाचेवर.

स्नोप्लाऊत टोकांमध्ये मुठीएवढं अंतर, टाचा बाहेर ढकललेल्या, गुडघे एकमेकांना न चिकटलेले. उजवीकडे जायचं तर डाव्या पायावर वजन. पहिल्यांदा हे उलटं वाटतं आणि माणूस वळायचं त्या बाजूला झुकतो. झुकला की आतल्या स्कीवर वजन जातं, ती सरळ धावते आणि टोकं एकमेकांवर चढतात.

उठताना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या, एकमेकींना समांतर आणि कुल्ल्याजवळ ओढून घ्यायच्या. मग वरच्या हाताने ढकलून उठायचं. स्की खाली तोंड करून असतील तर उठताक्षणी निघालात.

सांधेजोड
१९ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

फिजिओथेरपिस्टच्या नजरेतून. जिममध्ये वजनं उचलणाऱ्यांचीही मांडी स्कीवर दमते, कारण इथे स्नायू लांबत असताना भार घेतो. त्याची तयारी उतरण्यात आहे, चढण्यात नाही. मुंबईत हे सोपं आहे: इमारतीत लिफ्टने वर जा आणि जिन्याने सावकाश खाली या. निघायच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा, आठवड्यातून तीनदा. जोडीला भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, ४५ सेकंदांचे तीन फेरे. आणि वीस सेंमी उंच पाटावर एका पायावर उभं राहून दुसरी टाच चार सेकंद घेत जमिनीला टेकवणं, प्रत्येक पायाला दहा वेळा. गुडघा आत वळत असेल तर आरशासमोर करा.

घोट्याची लवचीकता तपासा. पायाचा अंगठा भिंतीपासून दहा सेंमीवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? ज्यांना उकिडवं बसता येतं त्यांना बहुधा लागतो. ज्यांना नाही त्यांनी पोटरीचे ताण रोज करा, नाहीतर बुटात गुडघा पुढे जातच नाही आणि पारलेकर म्हणतात ते मागे रेलणं सुटत नाही.

दोन दुखापती लक्षात ठेवा. मागे पडत असताना, स्की चालूच असताना, उठायचा प्रयत्न केला की गुडघ्यातला एसीएल लिगामेंट तुटू शकतो. पडताय असं दिसलं की बाजूला डोंगराकडे पडा आणि पूर्ण थांबेपर्यंत हालचाल करू नका. दुसरी अंगठ्याची: पोलचा पट्टा मनगटात असताना पोल बर्फात अडकला की अंगठा मागे खेचला जातो. पहिल्या दिवसांत पट्टा घालूच नका.

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी थांबा. थकल्यावरची "शेवटची एक फेरी" टाळा.

नूनचाय
१९ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

सगळे शिकणाऱ्यांचं लिहितायत, न शिकणाऱ्यांचीही बाजू मांडायला हवी. कुटुंबातल्या एकाला किंवा दोघांना स्की नको असते आणि त्यांना "चल ना, मजा येईल" करून उतारावर उभं करतात. हे करू नका. तितकीच वाईट गोष्ट म्हणजे नवऱ्याने बायकोला किंवा बापाने मुलाला शिकवणं. इन्स्ट्रक्टरच्या सूचनेला माणूस "बरं" म्हणतो, घरच्याच्या सूचनेवर भांडण होतं. इन्स्ट्रक्टरचे पैसे द्या आणि स्वतः लांब राहा.

दिवसाची आखणी अशी करा: शिकणारे सकाळी साडेनऊ ते साडेबारा उतारावर, बाकीचे त्यांच्या मागे नाहीत. दीड वाजता जेवण एकत्र. दुपार सगळ्यांची.

गुलमर्गला न शिकणाऱ्यांसाठी भरपूर आहे. सेंट मेरीज चर्चपर्यंत बर्फातून चालत जा, वाटेत गर्दी कमी असते. बाबा रेशींची जियारत (दर्गा) जवळ आहे. खाली टंगमर्गजवळ द्रुंगचा धबधबा थंडीत गोठतो. स्लेज घेताना भाव आणि वेळ दोन्ही ठरवा आणि ओढणारा माणूस एक की दोन तेही. गमबूट आणि लांब कोट टंगमर्गला भाड्याने मिळतात, मोजे मात्र आपले. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा. वारा सुटला की फेज टू (गोंडोलाचा वरचा टप्पा) बंद ठेवतात, म्हणून ते शेवटच्या दिवसावर टाकू नका.

हॉटेल ठरवताना खोलीचं चित्र बघण्याआधी गरम होण्याची सोय विचारा: सेंट्रल हीटिंग, बुखारी (खोलीतली शेगडी) की नुसतं इलेक्ट्रिक ब्लँकेट? वीज गेली तर जनरेटर किती तास? ज्याला स्की करायची नाही तो खोलीत जास्त वेळ असतो, त्याची सुट्टी यावर ठरते. श्रीनगरला परतल्यावर सकाळी हरीसा (मटणाचा घोटलेला पदार्थ). शाकाहाऱ्यांना हाक (पालेभाजी) आणि नद्रू (कमळकाकडी).

आणि सिम! जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. घरात निदान दोघांचं पोस्टपेड असू द्या, कारण एक उतारावर आणि एक हॉटेलात असणार.

भटकी_डोंबिवली
१९ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

नूनचाय, दिवसाची आखणी एकदम पटली. तारखांबद्दल थोडं. मुंबईच्या शाळांना नाताळची सुट्टी असते म्हणून सगळे २४ डिसेंबरला निघतात. चिल्ले कलां, म्हणजे काश्मिरातले कडाक्याचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात आणि जानेवारीअखेर संपतात. नाताळात थंडी असते, पण शिकण्याजोगा बर्फाचा थर बऱ्याचदा साठलेला नसतो आणि गर्दी मात्र पुरेपूर. बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या वेस्टर्न डिस्टर्बन्सवर अवलंबून असतो, ते हुकले की डोंगर उघडे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला जवळपास महिनाभर बर्फ नव्हता, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाचे गुलमर्गचे सामने बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर त्या वर्षी विसरा.

परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा. बर्फ पडला की टंगमर्गवरून वर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात आणि श्रीनगरची विमानं खोळंबतात.

उणे_दोन
१९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

काश्मीरबाहेरचंही बघा. एका दिवसाचा वाद वर चाललाय त्यावर माझा उपाय स्की दुबई. २००५ पासून मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये चालू आहे, सर्वांत लांब उतार सुमारे ४०० मीटर, तापमान उणे एक-दोन. मुंबईहून तीन तासांचं विमान. बर्फ पडला नाही, वारा सुटला, लिफ्ट बंद, असलं काही नाही. दोन दिवस दोन-दोन तासांचे धडे घेऊन स्नोप्लाऊपर्यंतचं तिथे उरकलं की पुढच्या हिवाळ्यात डोंगरावरच्या पहिल्या दोन सकाळी वाचतात. हातमोजे आपले न्या.

कझाकस्तानात अल्माटीच्या वर शिंबुलाक आहे, शहरापासून तासाच्या आत. पायथा २,२६० मीटर, वरचं टोक ३,२०० च्या आसपास. उतार रोज यंत्राने सपाट केलेले असतात आणि नवख्याला हेच सगळ्यांत जास्त लागतं. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तिकीट काढण्याआधी नियम पुन्हा तपासा.

आल्प्समध्ये नाताळ आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या टाळा, ६ जानेवारीनंतरचे दोन आठवडे स्वस्त आणि मोकळे असतात. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण त्यात स्की धरलेली असेलच असं नाही. "विंटर स्पोर्ट्स" हे शब्द पॉलिसीत शोधा आणि आखलेल्या उताराबाहेर गेल्यास काय होतं तेही वाचा. रंगांचा घोळ लक्षात ठेवा: फ्रान्समध्ये सर्वांत सोपा उतार हिरवा, ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये सुरुवात निळ्यापासून.

हिमरेषा
१९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

उणे_दोन, सपाट केलेल्या उताराचा मुद्दा मान्य. गुलमर्गचं नाव जगभर झालं ते अफरवटच्या न सपाट केलेल्या मऊ बर्फासाठी, आणि ते नवख्याच्या उपयोगाचं नाही. मैदानाची उंची २,६५० मीटर, कोंगदूरी (गोंडोलाचं मधलं स्टेशन) ३,०५० च्या आसपास, फेज टूचं स्टेशन ३,९०० च्या वर. शिकायचं ते मैदानातल्या छोट्या उतारांवर. वळणं पक्की झाली की कोंगदूरी. फेज टूवरून स्की करत उतरणं हे सराईतांचं आणि स्थानिक गाइडसोबतचं काम. हिमस्खलनात फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब कांडी) आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकाजवळ आणि वापरायचा सराव असल्याशिवाय आखलेल्या उताराच्या दोरीपलीकडे जाऊ नका. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबतचेच काढू शकतात, बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही.

नुसतं बघायला फेज टूला जाणाऱ्यांनीही पोचल्याच्या दिवशी जाऊ नये. समुद्रसपाटीवरून उठून चोवीस तासांत ३,९०० मीटर गाठलं तर डोकेदुखी आणि मळमळ होऊ शकते. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका.

कावेरी_कांदिवली
२० नोव्हेंबर, सकाळी ११.००

वय ५४, गुडघे ठीक, रोज चालते. उशीर झालाय का? आणि मुलगी स्नोबोर्डच म्हणतेय.

सांधेजोड
२० नोव्हेंबर, दुपारी २.१०

उशीर नाही. दिवसाला दोन तास, एक दिवसाआड पूर्ण विश्रांती, आणि समूहाऐवजी एकटीसाठी इन्स्ट्रक्टर, म्हणजे इतरांच्या वेगाने ओढलं जाणं नाही. हाडांची घनता आधी तपासून घ्या. हेल्मेट हवंच, सायकलचं चालत नाही.

स्नोबोर्डवर पहिले दोन दिवस माकडहाड आणि मनगट सोसतात, मग प्रगती पटकन होते. पडताना हात टेकू नयेत, मुठी मिटून कोपर-बाहूवर पडावं. मनगटाचे गार्ड मुंबईतूनच न्या, स्केटिंगचे चालतात. सपाट भागात आणि ओढणाऱ्या लिफ्टवर बोर्डवाल्यांचे हाल होतात हे तिला आधी सांगा.

पारलेकर
२० नोव्हेंबर, रात्री ८.००

ओढणाऱ्या लिफ्टवर एक वाक्य राहिलं. दोरीला लटकलेली तबकडी पायांत आली की तिच्यावर बसायचं नाही. बसलात की दोरी लांबते आणि तुम्ही खाली. ताठ उभं राहायचं, गुडघे सैल, तिला ढकलू द्यायचं. पडलात तर दांडा लगेच सोडा आणि मार्गातून लोळत बाजूला व्हा, मागचा माणूस येतोय.

चौथं_बक्कल
२० नोव्हेंबर, रात्री १०.४५

मुक्कामात बूट ओले होतात तेव्हा लोक ते बुखारीला टेकवून ठेवतात. प्लास्टिक वाकतं आणि दुकानदार भरपाई मागतो. अस्तर बाहेर काढा, वर्तमानपत्र कोंबा, तासाने कागद बदला, रात्रभर खोलीतच ठेवा. अस्तर परत बसवताना टाचेची शिवण कवचाच्या मधल्या रेषेवर आणा. कवच मात्र बक्कलं लावूनच ठेवायचं, उघडं ठेवलं तर त्याचा आकार फाकतो. सकाळी बूट गाडीच्या डिकीत टाकून नेऊ नका. गार प्लास्टिक इतकं ताठ होतं की पाय आतच जात नाही. पायाशी, हीटरजवळ ठेवून न्या.